सर गेल्यावर वहिनींचं घर कोणाचं? लग्न न करता ११ वर्षं एकत्र राहिलेल्या जोडप्याचं प्रकरण

हे लिहायच्या आधी वहिनींना वाचायला दिलंय. त्यांनी दोन ठिकाणी खोडलं, एका ठिकाणी "हे असं नव्हतं झालं" म्हणून दुरुस्त केलं आणि मग हो म्हणाल्या. नावं कुठेच नाहीत, रकमा थोड्या इकडेतिकडे केल्यात, बाकी घडलं तसंच आहे. मी पुण्यातल्या एका मध्यम आकाराच्या हौसिंग सोसायटीचा सेक्रेटरी, त्याआधी २८ वर्षं बँकेत होतो, त्यामुळे नॉमिनी आणि वारस यातला फरक मला कळतो असा माझा समज होता. या प्रकरणात कळलं की कागदावर कळणं वेगळं आणि समोर माणूस बसलेला असताना कळणं वेगळं.

पार्श्वभूमी

सर एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचे. घटस्फोट होऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नाही. वहिनी आधीच्या लग्नातून विधवा, त्यांना एक मुलगी, ती आता परदेशात नोकरीला आहे. दोघं २०१२ च्या शेवटी एकत्र राहायला लागले आणि २०१३ मधे आमच्याकडे दोघांच्या नावावर फ्लॅट घेतला. लग्न का केलं नाही हे मला विचारू नका, मीही त्यांना कधी विचारलं नाही, एकदा सर स्वतःच बोलता बोलता म्हणाले होते की "एकेकदा करून झालंय दोघांचं, आता नुसतं राहू द्या". सोसायटीत सगळे त्यांना सर आणि वहिनीच म्हणायचे, गणपतीच्या आरतीला दोघं जोडीने उभे राहायचे, कोणाच्या मनात काही नव्हतं, किंवा असलं तरी तोंडावर नव्हतं.

फ्लॅट ५८ लाखांचा. ३५ लाख लोन, दोघं को-बॉरोअर (म्हणजे कर्ज दोघांच्या नावावर), आणि वरचे २३ लाख स्वतःचे. त्यातले १७ लाख वहिनींचे (त्यांनी गावाकडचा एक प्लॉट विकला होता) आणि ६ लाख सरांचे. हप्ता सरांच्या सॅलरी अकाउंटमधून जायचा आणि वहिनी दर महिन्याला त्या अकाउंटला ठराविक रक्कम ट्रान्सफर करायच्या. अ‍ॅग्रीमेंटमधे दोघांची नावं होती पण कोणाचा किती हिस्सा हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. बहुतेक अ‍ॅग्रीमेंटमधे नसतंच.

फेब्रुवारी २०२४ मधे सर गेले, हार्ट अटॅक, वय ५६. हॉस्पिटलपासून सगळं वहिनींनीच केलं. अंत्यविधीला सरांचा धाकटा भाऊ आला, तो आईला घेऊन साताऱ्याकडे राहतो. आजींचं (म्हणजे सरांच्या आईचं) वय ७८.

अडचण कुठे सुरू झाली

तेराव्या दिवशी. जेवणं झाल्यावर धाकटे म्हणाले दादाचे कागद बघून घेतो, बँकेचं वगैरे करावं लागेल, आणि वहिनींनी कपाटातली निळी फाइल काढून त्यांच्या हातात दिली. ओरिजिनल अ‍ॅग्रीमेंट, शेअर सर्टिफिकेट, पॉलिसी, सगळं त्यात. वहिनी नंतर म्हणाल्या की त्या क्षणी नाही म्हणणं म्हणजे "माझा संशय आहे तुमच्यावर" असं बोलल्यासारखं वाटलं असतं, आणि त्या घरात त्या दिवशी कोणत्या नात्याने उभ्या आहेत हेच त्यांना कळत नव्हतं. पहिला निर्णय इथे झाला, तोही न घेता.

तीन आठवड्यांनी मला सोसायटीच्या पत्त्यावर धाकट्यांचं पत्र आलं. सर अविवाहित म्हणून वारले, आई एकमेव वारस, फ्लॅट आईच्या नावावर करावा, आणि "सध्या फ्लॅटमधे राहणाऱ्या बाईंचा" कुटुंबाशी कायदेशीर संबंध नाही. अविवाहित नाही, घटस्फोटित, पण ते जाऊ द्या. मुद्दा असा की पत्रात वहिनींचं नावही नव्हतं, आणि त्या तर स्वतः सहमालक!

आणि मग आमच्या कमिटीत मजा सुरू झाली. ११ वर्षं वहिनी वहिनी करणारा एक मेंबर मीटिंगमधे पहिल्यांदा "त्या बाई" म्हणाला. कोणीतरी म्हणालं पार्किंग थांबवा निकाल लागेपर्यंत. एकाने तर बिनभोगवटा शुल्क लावायचं सुचवलं, म्हणजे जे भाडेकरू ठेवल्यावर लावतात ते, का तर म्हणे मालक राहत नाही आणि राहणारी व्यक्ती कुटुंबातली नाही. मी म्हणलं अहो अ‍ॅग्रीमेंटवर नाव आहे त्यांचं, त्याच मालक आहेत. त्यावर तो म्हणाला "अर्ध्याच्या". तर मग अर्ध्या पार्किंगमधे गाडी लावू दे का.

पण माझी चूकही इथेच झाली, ती लिहितो. घाबरून मी जे पहिलं पत्र काढलं ते "कै. सरांचे कायदेशीर वारस" यांना उद्देशून काढलं आणि वहिनींना फक्त प्रत दिली, आणि खाली लिहिलं की वारसांची एनओसी सादर करावी. म्हणजे जिच्या घरात पत्र टाकलं तिलाच सांगितलं की तुम्ही दुसऱ्यांची परवानगी आणा. सहसभासद म्हणून त्यांच्या नावाने वेगळं पत्र जायला हवं होतं. वहिनी ते पत्र घेऊन माझ्याकडे आल्या, काही बोलल्या नाहीत, फक्त माझ्या टेबलावर ठेवून "यात मी कुठे आहे" एवढं विचारलं.

कागद काय सांगत होते

वहिनींनी एक वकील बाई गाठल्या आणि मग एकेक मालमत्ता वेगळी काढून बघितली. हे सगळ्यात महत्त्वाचं काम होतं असं मला वाटतं, कारण तोपर्यंत सगळे "सरांचं सगळं" असं एकच गाठोडं धरून भांडत होते आणि प्रत्यक्षात प्रत्येक वस्तूचा नियम वेगळा निघाला.

मुळातली गोष्ट आधी. हिंदू वारसा कायदा १९५६ मधे पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर आधी वर्ग १ चे वारस, म्हणजे मुलं, विधवा, आई आणि आधी वारलेल्या मुलामुलींची ठराविक माणसं. लिव्ह-इन जोडीदार त्या यादीत नाही, वर्ग २ मधेही नाही, कुठेच नाही. सरांच्या बाबतीत वर्ग १ मधे एकच व्यक्ती शिल्लक होती, आजी. भाऊ वर्ग २ मधे, त्याला काही मिळत नाही जोपर्यंत आजी आहेत. हे धाकट्यांनाही नीट माहीत नव्हतं, त्यांना वाटत होतं दोघांना अर्धंअर्धं.

फ्लॅट: बऱ्याच लोकांना वाटतं की दोघांच्या नावावर घर म्हणजे एक गेला की आपोआप दुसऱ्याचं. तसं नसतं हो. आपल्याकडे असे सहमालक आपापल्या हिश्श्याचे मालक, गेलेल्याचा हिस्सा त्याच्या वारसांकडे जातो. हिस्सा किती, तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४५ सांगतं की वेगवेगळ्या पैशातून घेतलं असेल तर ज्याने जितके घातले त्या प्रमाणात, आणि पुरावा नसेल तर सारखे. वहिनींचे १७ लाख बँक स्टेटमेंटमधे स्वच्छ दिसत होते. ते धरून आणि लोन अर्धंअर्धं धरून त्यांचा हिस्सा जवळपास ६० टक्के येत होता.

इथे एक बाजूची गोष्ट सांगतो कारण मला तेव्हापासून तीन जणांनी विचारलंय. वहिनींचं नाव अ‍ॅग्रीमेंटवर होतं म्हणून हा हिशोब तरी मांडता आला. नावच नसतं आणि नुसते पैसे घातले असते तर बेनामी कायदा आडवा आला असता. त्यात नवरा-बायको, मुलं अशा नात्यांना सूट आहे, लिव्ह-इन जोडीदाराला नाही, आणि "पैसे माझे होते" म्हणून मालकी मागायला कोर्टात जायची वाटच बंद होते.

सोसायटीचं नॉमिनेशन: सरांनी २०१६ मधे नॉमिनेशन फॉर्म भरून दिला होता, तीन प्रतीत, १०० टक्के वहिनींच्या नावाने. फॉर्म फाइलमधे सापडला पण नॉमिनेशन रजिस्टरला नोंदच नाही! आधीच्या कमिटीने घेतला, पंच करून लावला आणि विसरले. वहिनींकडे पोचेची प्रत होती शिक्क्यासकट, ती निळ्या फाइलमधे नव्हती, स्वयंपाकघरातल्या गॅसच्या पुस्तकात होती, म्हणून वाचली.

पण नॉमिनी म्हणजे मालक नाही हे तर मी बँकेत रोज सांगायचो. विम्याच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाने १९८३ मधे सरबती देवी प्रकरणात सांगितलं, शेअर्स आणि म्युच्युअल फंडांच्या बाबतीत १४ डिसेंबर २०२३ ला शक्ती येझदानी प्रकरणात सांगितलं, की नॉमिनी पैसे हातात घेतो, मालकी वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरते. सोसायट्यांसाठी महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात २०१९ मधे जे कलम १५४ब-१३ आलं त्यातही तेच, नॉमिनीला प्रोव्हिजनल मेंबर, म्हणजे तात्पुरता सभासद करायचं, खरा हक्कदार ठरेपर्यंत.

म्युच्युअल फंड: ९ लाखांच्या आसपास, नॉमिनी वहिनी. फंडवाल्यांनी दीड महिन्यात वहिनींच्या नावावर केले. वर सांगितलेल्या निकालाचा उल्लेख करून धाकट्यांच्या वकिलाची नोटीस त्यानंतर आठ दिवसांत आली.

पीएफ: इथे वहिनींना धक्का बसला. नॉमिनेशन त्यांचंच होतं. पण ईपीएफच्या योजनेत अट आहे की सभासदाला कुटुंब असेल तर नॉमिनेशन कुटुंबातल्याच व्यक्तीचं हवं, आणि अवलंबून असलेले आईवडील कुटुंबात धरतात. आजींना सर दरमहा पैसे पाठवायचे, त्यामुळे नॉमिनेशन टिकलं नाही आणि पैसे आजींकडे गेले.

जुनी विमा पॉलिसी, ६ लाखांची: नॉमिनी पहिली बायको! १९९० च्या दशकातली पॉलिसी, घटस्फोटानंतर कोणी बदललंच नाही. २०१५ च्या दुरुस्तीने आईवडील, नवरा-बायको आणि मुलं यांना नॉमिनी केलं असेल तर रक्कम त्यांचीच होते, पण घटस्फोटित बायको त्यात बसत नाही. त्या बाईंनी फोनवरच सांगितलं, "मला नको, त्यांच्या आईला द्या, कुठे सही करू?" एवढ्या सगळ्या प्रकरणात सगळ्यात कमी वेळ लागलेलं काम हेच.

जॉइंट सेव्हिंग अकाउंट, आयदर ऑर सर्व्हायव्हर (दोघांपैकी कोणीही, किंवा मागे राहिलेला, खातं चालवू शकतो): बँकेने वहिनींना चालू ठेवू दिलं. तिथेही बँकेची जबाबदारी संपते इतकाच त्याचा अर्थ, मालकीचा वाद कोणी काढला तर निघू शकतो.

आणि मृत्युपत्र. सरांच्या लॅपटॉपवर एक फाइल निघाली, नाव "मृत्युपत्र फायनल २". मे २०२१, म्हणजे कोरोनाची दुसरी लाट. दोन पानं, स्वच्छ मराठीत, फ्लॅटमधला माझा संपूर्ण हिस्सा हिला, पीएफ आईला, पुस्तकं कॉलेजच्या लायब्ररीला. खाली "दिनांक" पुढे मोकळी जागा, "साक्षीदार १" आणि "साक्षीदार २" पुढे टिंबं टिंबं. प्रिंट काढलेली प्रतही सापडली, कोरी. भारतीय वारसा कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या लागतातच. स्टॅम्प पेपर लागत नाही, रजिस्टर करणंही सक्तीचं नाही, फक्त तीन सह्या. खालच्या मजल्यावर मी राहतो. मला हाक मारली असती तर साक्षीदार म्हणून आलो असतो ना मी!

कोणते पर्याय होते

पहिला, काहीच न करणं. वहिनी सहमालक, त्यांना कोणी बाहेर काढू शकत नाही. घरगुती हिंसाचार कायदा २००५ मधे लग्नासारख्या नात्यातल्या बाईलाही राहत्या घराचं संरक्षण आहे, वकील बाईंनी ते हाताशी ठेवलं होतं, पण इथे गरज पडली नाही. अडचण वेगळी होती. आजींना उद्या वाटणीचा दावा लावता येतो, आणि दोन बेडरूमच्या फ्लॅटची भिंत घालून वाटणी होत नाही, मग १८९३ च्या वाटणी कायद्याखाली कोर्ट विकायला सांगू शकतं. आणि त्याहून मोठं, आजींचं वय. आजी गेल्या की त्यांचा हिस्सा धाकट्यांकडे आणि एक बहीण आहे तिच्याकडे जाणार. आज एका माणसाशी बोलायचंय, उद्या दोघांशी, आणि त्यातल्या एकाचा आवाज आत्ताच वर लागलेला.

दुसरा पर्याय, विधवा म्हणून हक्क सांगणं. हे ऐकून मला आश्चर्य वाटलं होतं पण कायद्यात जागा आहे. बरीच वर्षं नवरा-बायकोसारखे राहिलेल्या जोडप्याचं लग्न झालेलं आहे असं कोर्ट गृहीत धरू शकतं, सुप्रीम कोर्टाने १९७८ मधे बद्री प्रसाद प्रकरणात ५० वर्षांच्या सहवासावर असंच धरलं होतं. गृहीतक टिकलं असतं तर वहिनी वर्ग १ च्या वारस, आजींच्या बरोबरीने. पण हे गृहीतक खोडता येतं. लोनच्या फॉर्मवर सरांनी स्वतःच्या हाताने "घटस्फोटित" लिहिलेलं, नॉमिनेशन फॉर्मवर नात्याच्या रकान्यात "मैत्रीण". आणि खरा प्रश्न वेगळाच होता. वकील बाईंनी सांगितलं की तुम्हाला शपथेवर सांगावं लागेल की आम्ही स्वतःला पती-पत्नी मानत होतो. वहिनी दोन दिवस विचार करून आल्या आणि नाही म्हणाल्या. "आम्ही ठरवून लग्न केलं नव्हतं. ते गेल्यावर मी कोर्टात जाऊन त्यांचं लग्न लावून देऊ का?"

मला तेव्हा वाटलं की हा हट्ट महागात पडणार. आजही मी पूर्णपणे त्यांच्या बाजूने नाही, म्हणजे त्यांच्याकडे काहीच पुरावा नसता आणि फ्लॅट एकट्या सरांच्या नावावर असता तर हाच एक धागा होता आणि तो सोडायला मी सांगितलं नसतं. पण इथे सहमालकी होती म्हणून त्यांना नाही म्हणणं परवडलं.

तिसरा, ६० टक्क्यांसाठी दावा लावणं. कागद मजबूत, पण दिवाणी दावा, वर्षं किती कोण सांगणार, आणि तोवर हप्ते वहिनींनाच भरायचे, कारण को-बॉरोअर म्हणून बँकेला पूर्ण लोन त्यांच्याकडून मागता येतं.

चौथा, आजींशी बोलून त्यांचा हिस्सा विकत घेणं.

सोसायटीपुढेही पर्याय होते. फ्लॅट आजींच्या नावावर करा म्हणणारे होते, काहीच करू नका म्हणणारे जास्त होते. मी कलम वाचून दाखवलं आणि वहिनी सहसभासद आहेतच, शिवाय सरांच्या हिश्श्यापुरतं त्यांना प्रोव्हिजनल मेंबर करू असा ठराव मांडला. नोंद रजिस्टरला नसणं ही आमची चूक आहे आणि ती त्यांच्यावर ढकलता येणार नाही हे मिनिट्समधे लिहून घेतलं. ५ विरुद्ध २ ने पास झाला.

काय केलं

आधी कागद परत जमवले. ओरिजिनल अ‍ॅग्रीमेंट धाकटे देईनात, मग सब-रजिस्ट्रारकडून प्रमाणित प्रत आणि सूची क्रमांक २ (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा सारांश) काढली. शेअर सर्टिफिकेटची डुप्लिकेट देऊ का असं मी विचारलं तर वकील बाई म्हणाल्या थांबा, ते हरवलेलं नाहीये, कोणाकडे आहे ते माहितीये, खोटं लिहू नका. बरोबर होतं.

मग भेट ठरली, जून मधे, सोसायटीच्या ऑफिसात, कारण वहिनींच्या घरी यायला धाकटे तयार नव्हते आणि वकिलाच्या ऑफिसात जायला आजी. चार प्लॅस्टिकच्या खुर्च्या, वर फडफडणारा पंखा, टेबलावर मेंटेनन्सच्या पावत्यांचे गठ्ठे. पहिला पाऊण तास धाकटेच बोलत होते. वहिनींनी ते कोरं मृत्युपत्र पुढे केलं तर ते म्हणाले याला काय अर्थ आहे, कोणीही टाइप करेल. कायद्याने त्यांचं बरोबर होतं. आजींनी कागद मागून घेतला, चष्मा शोधला, सापडला नाही, मग मला म्हणाल्या तुम्ही वाचा. मी वाचलं. पुस्तकं लायब्ररीला या ओळीवर त्या म्हणाल्या "हे त्यानेच लिहिलंय".

त्यानंतर बराच वेळ कोणी बोललं नाही आणि मग आजींनी जे विचारलं त्याने सगळं प्रकरण फिरलं. त्यांनी विचारलं की "आठ हजाराचं काय?" सर दर १ तारखेला आईच्या खात्यावर ८,००० पाठवायचे, औषधं आणि बाईचा पगार त्यातून. फेब्रुवारीपासून बंद. पीएफचे पैसे अजून आलेले नव्हते. आम्ही सगळे चार महिने लाखांच्या गोष्टी करत होतो, आणि म्हातारीचं औषध कशातून येतंय हे कोणी विचारलं नव्हतं. धाकट्यांची ओढाताण होत होती, त्यांनाही बोलता येत नव्हतं, म्हणून ते फ्लॅट फ्लॅट करत होते. मी त्यांना साधुसंत ठरवत नाहीये, पण त्यांची घाई कशातून आली हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

वहिनींनी तिथेच सांगितलं की व्यवहार होईपर्यंत ते ८,००० त्या पाठवतील. वकील बाईंनी टेबलाखालून त्यांना पाय लावला (हे वहिनींनीच नंतर सांगितलं) कारण असं काही कबूल करताना लिहून घ्यावं लागतं की ही मदत आहे, कसल्या हक्काची कबुली नाही. ते नंतर पत्राने लिहून घेतलं.

तडजोडीची बोलणी पुढे पाच महिने चालली. वहिनींनी ६० टक्क्यांचा मुद्दा सोडला आणि अर्धंअर्धं मान्य केलं. याबद्दल वकील बाई नाराज होत्या. फ्लॅटची सरकारी किंमत ७६ लाख येत होती, अर्धा हिस्सा ३८ लाख. त्यातून सरांच्या वाट्याचं शिल्लक लोन, १४ लाखांतले ७ लाख, वहिनींनी अंगावर घेतलं आणि उरलेले ३१ लाख आजींना द्यायचे ठरले.

धाकटे म्हणत होते हक्कसोडपत्र करून टाकू, स्वस्तात होईल. ते वारसांनी आपसात एकमेकांच्या नावे करायला ठीक, तिथे ड्युटी नाममात्र असते, वहिनी तर वारस नाहीत. बक्षीसपत्राचा विचार झाला, तर नात्यात नसलेल्या माणसाकडून ५०,००० च्या वरचं बक्षीस घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरलं जातं, आणि इन्कम टॅक्सच्या व्याख्येत जोडीदाराची आई ही नातेवाईक नाही कारण जोडीदारच नातेवाईक नाही. सरकारी किमतीपेक्षा फारच कमी रकमेत व्यवहार दाखवला तरी तोच टॅक्स. म्हणून सरळ खरेदीखत, ३८ लाखांचं. बाईच्या नावाने एकटीने घर घेताना १ टक्का सवलत असल्याने पुण्यात ६ टक्के स्टॅम्प ड्युटी, २ लाख २८ हजार, अधिक ३०,००० रजिस्ट्रेशन. हेच मृत्युपत्र असतं तर? हा सगळा खर्च शून्य. तीन सह्या.

त्याआधी आजींचा वारस दाखला काढावा लागला. महाराष्ट्रात स्थावर मालमत्तेसाठी तो अजूनही १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ८ खाली मिळतो, इंग्रज गेले कायदा राहिला. घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत जोडली, पेपरात नोटीस दिली, सात महिने लागले. मधे आजी एकदा आठ दिवस हॉस्पिटलमधे होत्या आणि त्या आठ दिवसांत वहिनी माझ्या घरी रोज संध्याकाळी येऊन बसायच्या, काही न बोलता.

शेवटी काय झालं

मार्च २०२५ मधे खरेदीखत झालं. ३१ लाखांतले १२ लाख वहिनींच्या एफडी मोडून आणि १९ लाख मुलीने पाठवलेले. पैसे थेट आजींच्या एकटीच्या खात्यावर, त्यातले २० लाख मासिक व्याजाच्या ठेवीत, ही अट वहिनींनी घातली होती आणि धाकट्यांना ती आवडली नव्हती. म्युच्युअल फंडाचे पैसे वहिनींनी आजींना दिले, जॉइंट अकाउंट वहिनींकडे राहिलं, दोन्ही गोष्टी तडजोडीच्या करारात लिहिल्या. निळी फाइल परत आली, त्यात पॉलिसी सोडून सगळं होतं.

एप्रिलच्या मीटिंगला वहिनी पूर्ण फ्लॅटच्या सभासद झाल्या. तो "त्या बाई" म्हणणारा मेंबर त्या दिवशी पुन्हा वहिनी म्हणाला, आणि वहिनींनी त्याला त्यांच्या आडनावाने हाक मारायला सांगितलं.

वेगळं काय करता आलं असतं

मृत्युपत्राचं वर आलंच, पुन्हा उगाळत नाही. पण ते नसतं केलं तरी २०१३ मधे अ‍ॅग्रीमेंट करतानाच "६०:४०" एवढं लिहिलं असतं किंवा दोघांनी मिळून एक साधा करार केला असता की कोणी किती घातले, तरी वहिनींना साडेसात-आठ लाख कमी मोजावे लागले असते. लोनवर विमा घेतला नव्हता, घेतला असता तर १४ लाखांचा प्रश्नच नव्हता. पीएफचं नॉमिनेशन टिकणार नाही हे कॉलेजच्या ऑफिसने फॉर्म घेतानाच सांगायला हवं होतं.

वहिनींनी तेराव्याला फाइल द्यायला नको होती, निदान फोटो काढून मग द्यायची. वाद नाही का घालायचा मग? घालायचा नाही, "झेरॉक्स काढून संध्याकाळी देते" एवढं म्हणायचं. हे आत्ता सोपं वाटतं.

६० टक्के सोडणं बरोबर होतं की नाही यावर माझं आणि वकील बाईंचं अजून एकमत नाही. त्या म्हणतात एक दावा दाखल करून मग तडजोडीला बसलो असतो तर धाकटे ५५ ला तरी आले असते. मला वाटतं दावा गेला असता तर आजी त्या ऑफिसात आल्याच नसत्या, वकिलामार्फत बोलल्या असत्या, आणि आठ हजाराची गोष्ट बाहेरच आली नसती.

आणि सोसायटी म्हणून आम्ही, नोंद न करणं, चुकीचं पत्र काढणं, हे दोन्ही आमचं. मे महिन्यात मी आणि खजिनदार बसलो आणि फाइलींमधले सगळे नॉमिनेशन फॉर्म रजिस्टरशी ताडून पाहिले, १९ फॉर्मची नोंद नव्हती. त्यातल्या चार जणांनी नॉमिनी म्हणून आता हयात नसलेली माणसं लिहिलेली, एकाने तर फ्लॅट विकून गेलेल्या जुन्या शेजाऱ्याचं नाव. सगळ्यांना नवीन फॉर्म पाठवले. वहिनींनी त्यांचा दुसऱ्याच दिवशी आणून दिला, मुलीच्या नावाने, आणि रजिस्टरमधे नोंद करताना मी लिहितोय ते वाकून बघत उभ्या राहिल्या, नंबर टाकल्यावर मोबाइलने त्याचा फोटो काढला आणि मग गेल्या.